आवक क्रमांक २२१७

आवकरावांच्या घरात, दाराजवळच्या खुंटीवर, एक नारिंगी टी-शर्ट टांगलेला होता. पुढची सगळी रामकहाणी त्या टी-शर्टामुळे घडली.

टी-शर्टाच्या छातीवर मेव्हण्याच्या टाइल्सच्या दुकानाचं नाव होतं आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत 'पाय ठेवून तर बघा!' असं छापलेलं होतं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलेल्या माणसाने निवृत्तीनंतर पाठीवर हे वाक्य घेऊन गिऱ्हाइकांना 'या, या' म्हणावं, अशी मेव्हण्याची योजना होती.

आवक-जावकचं टेबल म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आयुष्यात एकही अर्ज केलेला नाही आणि ते सुखी आहेत. कचेरीत आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, तारीख घालायची, क्रमांक द्यायचा, नोंदवहीत चढवायचा, ही आवक. उत्तर गेलं की त्याला क्रमांक, ही जावक. क्रमांक पडेपर्यंत तुमचा अर्ज म्हणजे रद्दी. क्रमांक पडला की साहेबाच्या बापालाही 'असा कागद आलाच नाही' म्हणता येत नाही. एवढी ताकद ज्या टेबलात आहे ते टेबल कचेरीत नेहमी संडासाच्या शेजारी असतं. त्या टेबलावरच्या आपल्या गृहस्थांचं खरं नाव कचेरीतही कुणाला आठवत नसे. सगळे आवकरावच म्हणत. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "यांचं काम आता मशीन करणार, आणि मशीन चहाही मागत नाही." सगळे हसले. आवकरावही हसले. घरी येईपर्यंत ते हसू त्यांच्या चेहऱ्यावरून उतरेना, कारण ते तिथे खिळ्याने ठोकल्यासारखं बसलं होतं.

त्याच आठवड्यात मेव्हणा टी-शर्ट घेऊन आला.

"भावोजी, घरी बसून माणूस कुजतो. दुकानात दाराशी खुर्ची टाकतो तुमच्यासाठी. गिऱ्हाईक आलं की उठायचं, 'या' म्हणायचं, परत बसायचं. तुम्हाला जमेल."

बाकीचं एक वेळ पचलं असतं. 'तुम्हाला जमेल' घशात अडकलं.

"मला वेळ नाही," आवकराव म्हणाले. "मी चॅनेल काढतोय."

चहाचा कप बायकोच्या हातात तसाच राहिला. मुलगी मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागली. वास्तविक चॅनेल हा शब्द आवकरावांनी नीट कान देऊन त्याच दिवशी सकाळी ऐकला होता. मुलीने मोबाइलवर एक माणूस दाखवला होता, तो कॅमेऱ्यासमोर एका बैठकीत चाळीस उकडलेली अंडी खात होता. त्यातून त्याने म्हणे घर घेतलं. माणूस अंडी खाऊन घर घेऊ शकत असेल, तर चौतीस वर्षं कागद खाल्लेल्या माणसाने एखादी खोली तरी घ्यायला काय हरकत आहे, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता, एवढंच. पण शब्द तोंडातून निघाला होता. त्याची आवक झाली होती.

मेव्हणा पोट धरून हसला. "बरं! सहा महिने दिले. नाही जमलं तर हा टी-शर्ट!"

"लेखी द्या," आवकराव म्हणाले.

आणि तिथल्या तिथे त्यांनी करार लिहिला, दोन प्रतींत: 'आजपासून सहा महिन्यांच्या आत चॅनेलपासून उत्पन्न सुरू झाल्याचा लेखी पुरावा सादर न केल्यास खाली सही करणार क्रमांक एक हे खाली सही करणार क्रमांक दोन यांच्या दुकानी रुजू होतील.' मेव्हण्याने ट्रकवाल्याच्या पावतीवर करतात तशी न वाचता सही ठोकली. टी-शर्ट मात्र परत नेला नाही. स्वतःच्या हाताने खुंटीवर अडकवला. "समोर राहू दे," म्हणाला.

चॅनेलचा विषय ठरवायला आवकरावांना क्षणही लागला नाही. त्यांना जगात एकच गोष्ट येत होती. 'अर्ज कसा लिहावा, भाग पहिला: समास.' समास म्हणजे कागदाच्या डाव्या बाजूला सोडायची कोरी जागा. त्या कोऱ्या जागेवर आवकराव बावीस मिनिटं बोलले. अर्ज फायलीला लावताना भोकं त्या जागेत पडतात, नाहीतर नेमक्या तुमच्या नावाला भोक पडतं आणि पुढे पाच वर्षं कचेरी विचारत राहते की अर्जदार कोण, हे त्यांनी कात्री, भोकं पाडायचं यंत्र आणि तीन नमुन्यांसह सिद्ध केलं. मुलीने दिवसपाळीहून आल्यावर इस्पितळाच्या गणवेशातच ते चित्रित केलं आणि मधे दोनदा तिला डुलकी लागली, त्यामुळे व्हिडिओत आवकराव अधूनमधून चौकटीच्या खाली बुडतात.

सात जणांनी पाहिला. त्यातले चार घरातले होते, आणि घरात माणसं तीनच.

वरच्या मजल्यावरचा विमावाला सल्ला द्यायला आला. हा गृहस्थ विमा विकतो म्हणून विमावाला, पण त्याच्याकडून आजवर कुणी विमा घेतल्याचं ऐकिवात नाही. सल्ले मात्र तो फुकट देतो आणि समोरच्याने ते घेतल्याशिवाय हलत नाही.

"आवकराव, या धंद्यात पैशाचे चार नळ असतात," तो खुर्चीत मांडी घालून म्हणाला. "पहिला नळ जाहिरातीचा. तुमच्या व्हिडिओच्या मधे जाहिरात लागते, त्याचे थेंब थेंब तुम्हाला. दुसरा ब्रँडचा. कंपनी वस्तू देते, तुम्ही वाहवा करायची. तिसरा लिंकचा. तुम्ही दिलेल्या ठिकाणावरून कुणी खरेदी केली की तुम्हाला दलाली. आणि चौथा सगळ्यात जाड. कोर्स! या तीन नळांतून पैसे कसे काढायचे हे लोकांना पैसे घेऊन शिकवायचं."

"तुम्हाला कितव्या नळाचं पाणी आलं?"

विमावाल्याने छताकडे पाहिलं. "मी सध्या चौथ्या नळाची फी भरतोय."

तरी त्याने जाताना एक सल्ला गळ्यात मारलाच. व्हिडिओच्या दर्शनी चित्रात तोंड उघडं हवं, डोळे फाटलेले हवेत. लोक त्यावर बोट ठेवतात म्हणे. आवकरावांनी भाग दुसरा, 'विषय आणि संदर्भ यांतील फरक', याला आ वासलेला फोटो लावला. खाली एकाने विचारलं की अक्कलदाढ काढायला किती खर्च येतो.

हा आवकरावांच्या चॅनेलवरचा पहिला अभिप्राय. दुसरा माणूस कमेंट म्हणून तो वाचून सोडून देतो. आवकरावांनी नवी नोंदवही काढली, तीवर रेघा मारल्या, आणि लिहिलं: 'आवक क्रमांक १. विषय: अक्कलदाढ.' मग रीतसर उत्तर दिलं की सदर बाब या चॅनेलच्या कक्षेत येत नसल्याने आपला अर्ज दंतवैद्याकडे वर्ग करावा. त्या दिवसापासून घरात येणारी प्रत्येक गोष्ट त्या वहीत चढायला लागली. कमेंट, विजेचं बिल, सोफा धुऊन देणाऱ्याचं जाहिरातपत्रक, सगळ्याला शिक्का, क्रमांक, आणि संध्याकाळी योग्य त्या फायलीत रवानगी. बायकोने एकदा वाणसामानाची यादी टेबलावर ठेवली, तर तिलाही क्रमांक पडला. ती दोन दिवस यादी शोधत होती.

चॅनेल चाललं ते मात्र या वेडामुळेच. तिसऱ्या भागाखाली कुणी एकाने लिहिलं, 'आजोबा, झोपा आता.' आवकरावांच्या कानशिलाची शीर तडतडली. पण टेबलावर बसलेल्या माणसाने आवाज चढवायचा नसतो. त्यांनी लिहिलं:

'आपली सूचना आवक क्रमांक ३८ अन्वये प्राप्त झाली. त्या अनुषंगाने कळविण्यात येते की प्रस्तुत आजोबा दुपारी एक ते दोन या वेळेत झोपतात. उर्वरित वेळेत ते जागे असून आपल्यासारख्यांच्या नोंदी ठेवतात. आपण सूचनेवर पूर्ण नाव लिहिलेले नाही. अपूर्ण सूचना विचारात घेतली जात नाही. त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करावी.'

या उत्तराचा कुणीतरी फोटो काढला. त्या फोटोने एकाच्या मोबाइलवरून दुसऱ्याच्या मोबाइलवर जात गावभर धुमाकूळ घातला. लोक मुद्दाम शिव्या द्यायला यायला लागले, शिवीला आवक क्रमांक मिळावा म्हणून. आणि आले ते थांबले. कारण गंमत संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याही घरी एक अर्ज सहा महिने कुठेतरी कुजत पडलाय, आणि हा माणूस सांगतोय त्याप्रमाणे लिहिला तर तो हलतो. कुणाचा नळजोड आला, कुणाच्या दाखल्यावरची चुकलेली जन्मतारीख सुधारली. चौथ्या महिन्यात चॅनेल जाहिरातीच्या नळाला पात्र ठरलं.

आवकरावांनी टी-शर्टाकडे बघून मिशीला हात लावला. त्यांना मिशी नाही, पण हात गेला.

इथे माशी शिंकली. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला पत्ता पडताळावा लागतो. ते व्हिडिओवाले टपालाने एक छापील कार्ड पाठवतात, त्यात सहा आकडे असतात, ते आकडे भरले की खातं चालू. कार्ड तीन आठवड्यांत येणार होतं; पैशाचं म्हणजे ते जाड लिफाफ्यातून, सही-शिक्क्यानिशीच येणार, हे आवकरावांनी धरून ठेवलं होतं. आलं नाही. दुसरं मागवलं. तेही नाही. ज्या माणसाने चौतीस वर्षं दुसऱ्यांचं टपाल चोख घेतलं, त्याला स्वतःचं एक कार्ड मिळेना! आवकरावांनी टपाल कचेरीला असा अर्ज लिहिला की त्याचा समास बघून कुणाच्याही डोळ्यांत पाणी यावं.

"ठेवा तिकडे," खिडकीवरचा माणूस म्हणाला.

"आवक क्रमांक द्या."

"आवकवाला रजेवर आहे."

आवकरावांनी आत पाहिलं. रिकामं टेबल. त्यावर वीतभर उंच ढीग, एकाही कागदावर शिक्का नाही. वाळलेल्या रोपाकडे माळी जसा बघेल तसे ते त्या ढिगाकडे बघत राहिले. मग पिशवीतून स्वतःचं शिक्क्याचं पॅड काढलं, वळसा घालून आत गेले, खुर्ची पुसली आणि बसले. चार वाजता मोठ्या साहेबांची नजर गेली, तोवर पासष्ट कागद चढले होते आणि आवकरावांचा स्वतःचा अर्ज, रांग मोडायची नाही म्हणून, सहासष्टावा होता. त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. अर्ज तसाच राहिला. वर मोठे साहेब खिडकीवाल्याला विचारत असलेले त्यांनी कानांनी ऐकलं, "हा म्हातारा उद्या येईल का रे परत?"

सहावा महिना लागला. कार्डाचा पत्ता नाही. मेव्हणा दुकानाच्या दाराशी खुर्ची ठेवून तिचा फोटो पाठवू लागला. आधी नुसती खुर्ची, मग खुर्चीवर उशी.

आणि नेमका दुसरा नळ सुटला.

फोन एका जाहिरात एजन्सीतल्या बाईचा होता. आवाज गरम इस्त्री फिरवल्यासारखा.

"सर, तुमचे प्रेक्षक फार विश्वासू आहेत."

"विश्वासू म्हणजे? राखणीला पाळलेत का?"

"म्हणजे ते तुमच्यावर विश्वास ठेवतात, सर. आम्हाला तेच हवंय."

वाक्य साधं होतं, म्हणून आवकरावांच्या लक्षात आलं नाही. 'तेच हवंय' याचा अर्थ तेच विकत घ्यायचंय. पण समोर टी-शर्ट लोंबत होता आणि हातात कराराचा मसुदा आला होता. पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरची कंपनी. फिल्टर फुकट. एक व्हिडिओ करायचा, तो सात दिवस चॅनेलवर राहिला की पैसे थेट बँकेत. सातवा दिवस मेव्हण्याच्या मुदतीच्या दोन दिवस आधी पडत होता.

"देवच पावला," बायको म्हणाली. तिला फिल्टर कधीचा हवा होता.

फिल्टर बसवणाऱ्याने भिंतीला एकाच्या जागी तीन भोकं पाडली आणि 'समास सोडलाय' म्हणून निघून गेला. तो चॅनेल बघत होता. मग चित्रीकरण. एजन्सीच्या बाईने काय बोलायचं ते लिहून पाठवलं होतं. त्यात होतं, 'आमच्या कुटुंबाची वर्षानुवर्षांची पसंती.'

"हा काल आलाय," आवकराव म्हणाले. "वर्षानुवर्षांची कशी?"

बरीच घासाघीस होऊन 'कालपासूनची पसंती' वर तडजोड झाली. पुढे पेला तोंडाला लावून 'ओ हो हो, वा!' असं उद्गारायचं होतं. अकरा वेळा घेतलं. अकराव्यांदा आवकराव म्हणाले, "ओ हो हो, वा, असे नमूद करतो," आणि मुलीने कॅमेरा बंद केला. त्या दिवशी पाणी खरंच चांगलं लागत होतं. हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

व्हिडिओ लागला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कमेंट आली. आवक क्रमांक २२१७. लिहिणारी एक बाई.

'काका, हाच फिल्टर मी आठ महिन्यांपूर्वी घेतला. दुसऱ्या आठवड्यापासून गळतोय. आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिच्या पलंगाखाली पाणी जातं. सतरा फोन केले. कुणी येत नाही. तुमचे अर्ज बघून मी नळजोड मिळवला होता, म्हणून तुम्हालाच विचारते. यांना अर्ज कसा लिहू?'

आवकरावांनी ती दोनदा वाचली. शिक्का मारला, पण हलका.

तासाभरात फोनवरून इस्त्री फिरली. "सर, एक छोटीशी कमेंट आहे. ती डिलीट करा ना प्लीज. करारात कलम आहे, सर. नकारात्मक मजकूर राहिला तर पैसे निघत नाहीत."

"तिची आवक झाली आहे."

"एक बटण आहे, सर."

"वहीत चढलेला कागद मी आजवर फाडलेला नाही. साहेबांनी सांगूनसुद्धा."

"फाडायचं कुठंय, सर? नुसतं दाबायचं."

आवकरावांनी फोन ठेवला. बायको दारात उभी होती.

"दाबा की," ती म्हणाली. "चार दिवसांचा प्रश्न आहे. नंतर हवं तेवढं सरळ वागा. माझा भाऊ काय आहे तुम्हाला माहीत आहे. जन्मभर ऐकवील. तुम्हालाही आणि मलाही."

ती खोटं बोलत नव्हती. आणि इथे लोकांना वाटतं की माणसाने लगेच ताठ मानेने नाही म्हणावं. बसलेल्या खुर्चीतून असं वाटणं सोपं असतं. आवकरावांचं बोट बटणाच्या वर दिवसभर फिरत होतं. टी-शर्टाची पाठ त्यांच्याकडे होती. पाय ठेवून तर बघा, पाय ठेवून तर बघा. जगातल्या सगळ्या कचेऱ्या याच बटणावर चालतात. कुणाची तक्रार कुणी फाडत नाही, फक्त दाबतात. ज्याच्या पलंगाखाली पाणी जातं त्याला तेवढं पुरतं.

निकाल लावला तो फिल्टरनेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्वयंपाकघरात गेली आणि 'अगं आई' म्हणून ओट्याला धरून कशीबशी उभी राहिली. खाली पाण्याचं तळं. रात्रभर ठिबकून ओट्याखालची एक टाइल सुटून वर आली होती.

तिने नवऱ्याला हाक मारली नाही. फिल्टरवरचा नंबर फिरवला. 'आपला फोन आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे,' असं पलीकडची मशीन पन्नास मिनिटं म्हणत होती. मधे गाणं. मशीनने चहा मागितला नाही, हे खरं. पन्नास मिनिटांनी बायको मोबाइल घेऊन बाहेरच्या खोलीत आली, साडीचा भिजलेला काठ पिळला आणि म्हणाली, "अहो, त्या बाईंना उत्तर लिहा. खाली माझीही सही घ्या."

"तुझा भाऊ?"

"त्याचं मी बघते. तुम्ही समास सोडा."

त्या दिवशीच्या व्हिडिओचा विषय होता 'पाणी गळणाऱ्या फिल्टरबाबत कंपनीस अर्ज कसा लिहावा'. आवकराव बोलत होते, मागे फिल्टर पातेल्यात ठिबकत होता, टप्, टप्, आणि बायको अधूनमधून चौकटीत येऊन पातेलं बदलत होती. आधीच्या व्हिडिओत आपण जे नमूद केलं ते एका दिवसाच्या अनुभवावर केलं, ती चूक माझी, असं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. शेवटी क्रमांक २२१७ ला जावक क्रमांक दिला.

मग काय विचारता! त्याच फिल्टरच्या दोनशे नव्वद तक्रारी एका दिवसात आल्या. आवकराव आणि बायको दोघं बसून चढवत होते. एजन्सीच्या बाईने करार रद्द केला, तोही कमेंट डिलीट करतात तसा, एका ओळीत. पैसे गेले. कंपनीची दोन माणसं फिल्टर काढून न्यायला आली, त्यांना आवकरावांनी लेखी अधिकारपत्र आणेपर्यंत जिन्यात बसवलं. मग कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं: व्हिडिओ हटवा, नाहीतर परिणामांना तयार राहा. ते आवकरावांनी कॅमेऱ्यासमोर वाचलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "या पत्रावर जावक क्रमांक नाही. जावक क्रमांक नसलेला कागद हा कागद नसतो, ते एखाद्याचं मत असतं. मत आम्ही किरकोळ फायलीत ठेवतो. आणि परिणामांनाही सांगा, येताना दोन प्रती आणायच्या."

चार दिवसांनी क्रमांक २२१७ च्या बाईंनी लिहिलं, 'माणूस येऊन दुरुस्त करून गेला. काका, तो घाबरलेला होता. आई हसली.'

ती ओळ आवकरावांनी वहीत चढवली आणि खाली रेघ मारली. पण दुसऱ्याच दिवशी मुदत संपत होती आणि बँकेत चॅनेलचा छदाम नव्हता.

मेव्हणा सकाळी दहाला हजर. बरोबर गळ्यात अडकवायचं ओळखपत्र, त्यावर आवकरावांचा तोच आ वासलेला फोटो. विमावालाही मागोमाग आला, सल्ला नसेल तर निदान साक्षीला.

"चला भावोजी," मेव्हणा खुंटीवरून टी-शर्ट काढत म्हणाला. "फुकटचा फिल्टर गेला, पैसे गेले, वर फरशी उखडली. याला म्हणतात इन्फ्लुएन्सर! दहा हजार लोकांना अर्ज शिकवले, स्वतःला एक कार्ड आणता आलं नाही."

"चौदा हजार," बायको म्हणाली.

आवकरावांनी टी-शर्ट हातात घेतला. शब्द दिला होता, तोही लेखी. "नेमणूकपत्र आणलंय?" त्यांनी विचारलं.

"काय पत्र? बसायचंय ना नुसतं?"

"नेमणूकपत्राशिवाय मी रुजू होत नाही. लिहा. आणि हा तुमचा टी-शर्ट, मिळाल्याची नोंद करू दे." ते वही घेऊन बसले. नोंद करायची तर आधीची कुठे संपली ते बघणं आलं. मुलगी शेजारी वाकून बघत होती, तिने उगाच बरीच पानं मागे उलटली, आणि मोठ्याने वाचायला लागली.

"बाबा, हे काय? 'आवक ११८४. छापील कार्ड, परदेशी शिक्का. प्रेषकाचे पूर्ण नाव नाही. मजकूर: सहा आकडे. अर्थबोध होत नाही. जाहिरात समजून किरकोळ फायलीत.'"

विमावाला वहीवर वाकला.

"पुढे," मुलगी पानं उलटत म्हणाली, "'आवक १७०२. वरीलप्रमाणे.'"

आवकरावांचे कान आधी लाल झाले, मग जांभळे. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद हरवला नव्हता. आताही हरवला नव्हता. क्रमांक होता, तारीख होती, फाइल होती, फायलीत सोफा धुणाऱ्याच्या आणि वकिलाच्या मधे कार्ड होतं. दोन महिने ते कार्ड जगभर शोधत होते आणि कार्ड चोख जागच्या जागी होतं. टपाल कचेरीतले ते पासष्ट कागद त्यांना आठवले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

विमावाला आधी हसला. मग बायको. मग मुलगी हसत हसत मोबाइलमध्ये सहा आकडे भरायला लागली. मोबाइल टिंग वाजला. पडद्यावर आलं: पत्ता पडताळला. उत्पन्न सुरू. साठलेली रक्कम अमुक.

मेव्हण्याने रक्कम वाचली आणि त्याच्या जिवात जीव आला. "एवढेच? आणि हे बँकेत कुठं आलेत? आल्याशिवाय कमाई नाही!"

आवकरावांनी कपाटातून करार काढला, चष्मा पुसला, आणि वाचला. "'उत्पन्न सुरू झाल्याचा लेखी पुरावा.' बँकेचा उल्लेख नाही. खाली तुमची सही."

"अहो, पण एवढ्या पैशांत माझ्या दुकानातली एक टाइल येईल, एक!"

"मग एक घेऊन ये," बायको म्हणाली. "ओट्याखालची सुटली आहे."

मेव्हण्याने तीन दिवसांनी टाइल पाठवली, पैसे पुरेपूर घेऊन, पावतीसकट. आवकरावांनी ती स्वतः बसवली. बसवून मागे सरकले, टी-शर्टाने पुसली, कारण टी-शर्ट आता त्याच कामाला होता, आणि बघत राहिले. बाकी टाइल्स पांढऱ्या होत्या. ही पिवळट होती. पावतीवर 'पांढरी' लिहिलेलं होतं.

संध्याकाळी नवा व्हिडिओ लागला. विषय: पावतीवर एक रंग आणि वस्तू दुसऱ्या रंगाची आल्यास दुकानदारास अर्ज कसा लिहावा. पहिल्या दहा मिनिटांत मेव्हण्याचा फोन.

"भावोजी, अहो घरातली गोष्ट घरात! दुकानाचं नाव दिसतंय त्या टी-शर्टावर! काढून टाका ना तो व्हिडिओ. एक बटण तर आहे!"

आवकरावांनी शिक्क्याचं पॅड जवळ ओढलं.

"लेखी द्या," ते म्हणाले. "दोन प्रतींत. आणि समास सोडा."